एकशेवीस आणि एक विडी

रामवाडी, पेण
सोमवार, ५ जानेवारी २०२६

ती. स्व. दिनामामांस,

ऋत्विकचा शि. सा. न. वि. वि. यातली विनंती गाळून वाचा. आज मी विनंती करायला बसलेलो नाय.

पावाच्या टेंपोवाल्या पोपटनं तुमचा निरोप दिला. रोह्याहून पेणपर्यंत येताना त्यानं स्वतःचा मसाला घातला नसेल, तर तुम्ही म्हणालात की कार्टं त्या समृद्धी महामार्गावर माझी गाडी एकशेवीसनं हाकतंय, पंधरा वर्षांची गाडी हाय, तिचा जीव घेईल, तेव्हा रविवारच्या आत किल्ली परत पाठव. तुमचे कान गेल्यापासून फोनवर भांडायची सोय उरली नाही. बोलायचं ते लिहून पाठवा, ओरडू नका, हा नियमही तुमचाच. तर घ्या, लिहितो.

दुसऱ्या वर्षाला मी कॉलेज सोडलं तेव्हा घरातल्या प्रत्येकानं मला एकेकदा धुतलं. तुम्ही एकटे गप्प होता. गॅरेजच्या दारातली ही पांढरी डिझेल गाडी मला दिलीत आणि म्हणालात की वाचून शिकायचं नसेल तर चालवून शीक. मी तेच करतोय.

आता मुद्दा. रोज सकाळी मी हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात कामाला जातो. इंजिन धड तापत नाही तोवर बंद. मग रंग आणायला पेण, परत बंद. क्लच, ब्रेक, खड्डा, दुसरा गिअर. गाडी झिजते ती तिथे. महामार्गावर पाचव्या गिअरमध्ये आरपीएमचा काटा सत्तावीसशेला जो लागतो तो अडीच तास हलत नाही. ऑइल गरम, पाणी गरम, क्लचला हात नाही, ब्रेकला पाय नाही. तुम्ही त्याला जीव घेणं म्हणता, मी म्हणतो गाडीला पंधरवड्यातून तेवढाच मोकळा श्वास मिळतो.

आणि मी जातो कुठे ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो, म्हणजे मागाहून लपवलं असं व्हायला नको. संभाजीनगरजवळ सावंगीला मृणाली नर्सिंग शिकते. होस्टेलला रविवारी अकरा ते एक भेटायची वेळ. सत्तरनं गेलो तर मी पोचतो तेव्हा ती जेवणाच्या रांगेत असते. म्हणून एकशेवीस. शौक म्हणून नाय.

तिचे वडील हैबतराव गागोदे बुद्रुकात सगळ्यांना सांगत फिरतात की ज्याला पुस्तक पुरं करता आलं नाही तो संसार काय पुरा करणार. पण त्याच हैबतरावांचा नांगरणीचा पॉवर टिलर वीस वर्षं तुम्ही दुरुस्त करताय. अख्ख्या तालुक्यात ते एकाच माणसाचा शब्द मानतात.

तेव्हा पैज. सावंगीच्या सहा फेऱ्या, एकशेवीसनं. इंजिनाला काही झालं तर किल्ली तुमची, आणि जुलैत मी मुकाट कॉलेजात. नाही झालं तर गाडी माझ्या नावावर, आणि तुम्ही माझ्यासाठी गागोद्याला हैबतरावांकडे शब्द टाकायचा.

मामीला नमस्कार. लोभ असू द्या, किल्ली मागू नका.

आपला,
ऋत्विक


अष्टमी, रोहा
गुरुवार, ८ जानेवारी २०२६

चि. ऋत्विक यास,

अ. उ. आ. तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा रागानं, एकदा चष्मा लावून.

हमरापूरचं लिहिलंस ते बरोबर आहे. थंड इंजिन चालू-बंद करण्यानं जास्त झीज होते हे मीच तुला शिकवलं आणि ते तू मलाच सांगतोस. पण बाबा, वेग वेगळा आणि वेगाची उष्णता वेगळी. नव्या गाडीला ती सोसते. जुन्या गाडीचे रबरी होस कडक झालेले असतात, रेडिएटरात गाळ बसलेला असतो, टायर वरून काळेभोर आणि आतून म्हातारे. सत्तरला जे गळत नाही ते एकशेवीसला तीन तासांनी गळतं. एकदम काही होत नाही, म्हणून तुझ्यासारख्यांना वाटतं की काहीच होत नाही.

पैज मंजूर. अटी माझ्या. निघताना ऑइल पट्टीच्या वरच्या खुणेला पाहिजे. परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावर, सपाट जागी मोजायचं आणि मला लिहायचं. दोन खुणांच्या मध्याखाली ऑइल उतरलं, तर हरलास. गाडी रस्त्यात उभी राहिली, तर हरलास. काटा एकशेवीसच्या वर गेला तरी हरलास, तिथे कायदाही तेवढाच आहे. मधूनच गुपचूप ऑइल ओतायचं नाही. मी बोटावर घेऊन सांगतो कधीचं आहे ते.

एप्रिलात गाडीला पंधरा वर्षं पुरी होतात. पासिंगला न्यायची आहे. तोवर तिला जिवंत ठेव.

तुझ्या वडिलांना नमस्कार. लोभ आहेच, तो तपासून बघायची गरज नाही.

तुझा,
दिनामामा

ता. क. मी नूतनमामी. तुझे मामा तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग रागावल्यासारखं तोंड करून लिहायला बसले, हे तुला कळावं म्हणून लिहिते. आणि एक, ती गाडी तुझ्याकडेच ठेव रे बाबा. ती गेली त्या दिवसापासून यांची विडी सुटली. घरात मी ओढू देत नाही, गॅरेजात डिझेल, ओढायची जागा एकच होती.


रामवाडी, पेण
मंगळवार, २७ जानेवारी २०२६

ती. स्व. दिनामामांस,

शि. सा. न. वि. वि. दोन फेऱ्या झाल्या, ११ आणि २५ तारखेला. ऑइल दोन्ही वेळा वरच्या खुणेपासून सूतभर खाली. पट्टीचा फोटो पोपटच्या फोनवर आहे, तो दाखवील, फक्त त्याला हात पुसून घ्यायला सांगा.

मी सुधारणाही केल्या. तुमच्या टायरच्या टोमण्यावरून पुढच्या टायरांवरची तारीख वाचली. आठ वर्षांचे निघाले. बदलले. वरचा होस दाबून बघितला तर वाळलेल्या शेवग्यासारखा कडक, तोही बदलला. हवा सकाळी थंड टायरलाच तपासतो, कारण तो काँक्रीटचा रस्ता दुपारी तव्यासारखा होतो. हे तुमचं ऐकलं म्हणून केलं, पटलं म्हणून केलं, की हरायचं नाही म्हणून केलं, ते तुम्ही ठरवा.

आता माझी बाजू. महिनाभरापूर्वी धुराच्या तपासणीत जो आकडा आला होता त्याहून फेरीनंतरचा आकडा कमी आला. हमरापूरच्या चकरांनी साठलेली काजळी महामार्गावर जळून जाते. ब्रेकचे पॅड मोजले, तसूभर झिजलेले नाहीत. एकच गोष्ट तुमच्या बाजूनं लिहितो, नव्वदला ती लिटरला वीस देते आणि एकशेवीसला सोळा. पण मृणालीकडे जाताना लिटर मोजणारा माणूस मी नाही.

रविवारी तिनं माझं बीपी घेतलं. त्यांना सराव लागतो. मी जाऊन बसलो तशी पट्टा घेऊन आली, मग थांबली. म्हणाली, आलास तसा घेतला तर आकडा खोटा येईल, आधी पाच मिनिटं गप्प बस. पाच मिनिटं मी गप्प बसलो, मामा. आईला सांगितलंत तर तिचा विश्वास बसणार नाही. तरी आकडा जास्तच आला. ती म्हणाली हा तुझा नाही, गाडीचा आलाय.

गागोद्याला जाताना कुठला शर्ट घालाल ते ठरवून ठेवा. लोभ आहे तो चढत्या काट्यानं असावा.

आपला,
ऋत्विक


अष्टमी, रोहा
शनिवार, ३१ जानेवारी २०२६

चि. ऋत्विक यास,

अ. उ. आ. फोटो बघितला. ऑइलचा रंग ठीक आहे. दोन फेऱ्यांवर उड्या मारू नकोस.

एक बातमी लपवून ठेवणं मला जमणार नाही. काल हैबतराव टिलर घेऊन आला होता. बेल्ट बदलेपर्यंत तासभर बसला. मार्चअखेर मुलीची परीक्षा संपते, नंतर पनवेलकडचं एक स्थळ बघायला येणार आहे, मुलगा कंपनीत आहे, असं म्हणाला. तुझं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही. पैज संपल्याशिवाय काढणार नाही. मी दिलेला शब्द असा आधीच खर्च करत नाही.

म्हणून आता वेग वाढवू नकोस. तुझं डोकं मला माहीत आहे.

लोभ धरतोस तसा स्टिअरिंगही दोन्ही हातांनी धर.

तुझा,
दिनामामा


रामवाडी, पेण
मंगळवार, २४ फेब्रुवारी २०२६

ती. स्व. दिनामामांस,

शि. सा. न. वि. वि. तिसरी फेरी ८ तारखेला, ऑइल अर्धं बोट खाली. चौथी परवा, ऑइल पाव भाग खाली. हे मी लपवू शकलो असतो. पाव लिटर ऑइल ओतायला कितीसा वेळ लागतो? ओतलं नाही. तुमच्या बोटांना भिऊन नाय. पनवेलच्या कंपनीवाल्याशी माझी लढाई आहे ती मला ओतलेल्या ऑइलवर जिंकायची नाही.

काटा एकशेवीसला ठेवला. एकशेएकवीसलासुद्धा नेला नाही, आणि तुम्हाला वाटतं माझ्या डोक्याला लगाम नाही.

एक मात्र आहे. चढाला गाडी बारीक शिट्टी मारते. नव्वदच्या पुढे, पाय दाबला की. खिडकी बंद असेल तर ऐकू येत नाही. कारखान्यातला मिथुन म्हणतो दाराचं रबर गेलं असेल. मीही तेच म्हणतो. म्हणायला काय जातंय.

पनवेलच्या स्थळाबद्दल मी मृणालीला विचारलं. ती म्हणाली की बघायला यायचं त्यांनी ठरवलंय, दाखवून घ्यायचं तिनं अजून ठरवलेलं नाही. एवढ्या वाक्यावर मी घरापर्यंत साडेतीनशे किलोमीटर गाणी न लावता आलो.

दोन फेऱ्या उरल्या. लोभ निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नये.

आपला,
ऋत्विक


अष्टमी, रोहा
शुक्रवार, २७ फेब्रुवारी २०२६

चि. ऋत्विक यास,

अ. उ. आ. शिट्टी दाराच्या रबराची नाही. ती टर्बोची आहे, इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची. दाराचं रबर तुझ्या पायाला विचारून शिट्टी मारत नाही.

मला एक सांग. पहिली चावी फिरवल्यापासून शेवटी इंजिन बंद करेपर्यंत तू काय काय करतोस ते सगळं क्रमानं लिही. कसा निघतोस, किती वेळ तापू देतोस, कुठे थांबतोस, कसा थांबतोस. काही गाळू नकोस. मला तू नेहमीपेक्षा जास्त सांगतोस तेव्हा मला शंका येत नाही. कमी सांगतोस तेव्हा येते.

लोभ आहे, त्यात खोट येऊ देऊ नकोस.

तुझा,
दिनामामा


रामवाडी, पेण
मंगळवार, १० मार्च २०२६

ती. स्व. दिनामामांस,

शि. सा. न. वि. वि. गाडी तुमच्या दारात पोचली असेल. किल्ली या पाकिटात आहे.

परवा, आठ तारखेला, पाचव्या फेरीवरून परतताना दुपारी चार वाजता सिन्नरच्या अलीकडे शिट्टीचा आवाज एकदम मोठा झाला, मग गेला, आणि गाडीचा दमच गेला. आरशात निळा धूर. मी कडेला घेतली. रस्त्याच्या क्रेननं खाली उतरवली, कारखान्याचा मोठा टेंपो नाशिकला आलेला होता त्यात चढवून पाठवली. टेंपोवाला वाटभर म्हणत होता की गणपतीला एवढं जपून बांधत नाय कुणी.

गाडी रस्त्यात उभी राहिली. अट अट आहे. हरलो.

जुलैत कॉलेजात जाईन. फॉर्म कधी निघतात ते बघून ठेवलंय. कुणी मला समजावू नये, कुणी पाठीवरून हात फिरवू नये. पण मामा, पैजेला मी किल्ली लावली होती, कॉलेज लावलं होतं. मृणालीला लावलेलं नव्हतं. तुम्ही शब्द टाकणार नाही, हे मान्य. पण मी टाकणार नाही असं मी कुठेच लिहून दिलेलं नाही. तुमच्याकडच्या माझ्या सगळ्या पत्रांत शोधा.

आणि वेगानंच गाडी मेली असंही मी मानणार नाही. पुरावा दाखवा. खोला आणि दाखवा.

तुमच्या सत्तावीस तारखेच्या पत्राला मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. कसा निघतो ते लिहितो. एक मिनिट तापू देतो, पहिले पाच किलोमीटर दाबत नाही, तुम्ही शिकवलंत तसंच. कसा थांबतो ते लिहिणार नाही. त्यात दुसऱ्या माणसाची गोष्ट येते आणि ती सांगायचा हक्क माझा नाही. रागवायचं तर रागवा.

हरलेल्या भाच्यावर लोभ ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

ऋत्विक


सावंगी, छत्रपती संभाजीनगर
सोमवार, १६ मार्च २०२६

ती. स्व. दिनूकाकांस,

मृणालीचा शि. सा. नमस्कार. तुम्ही टिलरसाठी आमच्याकडे यायचात तेव्हा मी तुमच्या पेटीतले पाने हातात द्यायची, बारा नंबर, चौदा नंबर. ती मीच. मी पत्र लिहिते आहे हे ऋत्विकला माहीत नाही. माहीत असतं तर लिहू दिलं नसतं.

तुम्ही त्याला विचारलंत की तो गाडी कशी थांबवतो. तो मला म्हणाला की मरेन पण सांगणार नाही. त्याची नेहमीची भाषा. म्हणून मी सांगते.

इथल्या मेसमध्ये इंदुबाई आहेत. त्या गागोद्याच्या, आमच्या लांबच्या आत्या. तुमची गाडी चौदा वर्षं गागोद्याला आली. तिचा आवाज आमच्या गावात कुत्र्यांनासुद्धा ओळखीचा आहे, आणि इंदुबाईंना तर नक्कीच. ती टकटक होस्टेलच्या फाटकाशी ऐकू आली असती तर संध्याकाळपर्यंत बाबांना फोन गेला असता. म्हणून पहिल्याच दिवशी मी ऋत्विकला सांगितलं की वळणाच्या आधीच इंजिन बंद कर. टोलवरून उतरलं की ते वळण जेमतेम दीड किलोमीटरवर आहे. तिथे तो चावी बंद करतो आणि उतारावरून गाडी तशीच, आवाज न करता, फाटकापर्यंत सोडतो. पावसाळ्यापासून प्रत्येक वेळी असंच. त्याला त्याची फार ऐट होती.

काका, मला इंजिनातलं कळत नाही. पण आम्हाला शिकवतात की धावत आलेल्या माणसाला एकदम आडवं करू नये, आधी बसू द्यावं. तुम्ही त्याला थांबण्याबद्दल एवढं खोदून विचारलंत म्हटल्यावर माझ्या मनात तेच आलं. तसं असेल तर चूक त्याची नाही. त्यानं माझं ऐकलं. आयुष्यात एकदा कुणाचं तरी ऐकलं, आणि तेही चुकीचं.

त्याला बोलू नका. बोलायचं तर मला बोला. माझी परीक्षा पंचविसाला संपते, मग मी गावीच आहे.

काकूंना नमस्कार. पाने द्यायची तेव्हा होता तेवढाच लोभ आताही असावा.

आपली,
मृणाली


अष्टमी, रोहा
रविवार, २२ मार्च २०२६

चि. ऋत्विक यास,

अ. उ. आ. पुरावा मागितलास, घे. आधी पूर्ण वाच, मग काय आपटायचं ते आपट.

चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. चारही सारखे, पंधरा वर्षांच्या इंजिनाला शोभतील त्याहून चांगले. रिंगा ठीक, हेड गॅस्केट ठीक, पाणी कुठे ऑइलात मिसळलेलं नाही. एकशेवीसनं तू इंजिन मारलेलं नाहीस. होस आणि टायर बदलल्यावर त्या वेगानं तिचं काही बिघडवलं नव्हतं. मी चाळीस वर्षं जे म्हणत आलो त्यातलं अर्धं मला गिळावं लागतंय आणि ते मी लिहून देतो, कारण मी दुसऱ्यालाही लिहूनच मागतो.

मेला तो टर्बो. उघडला तेव्हा दांडीच्या बेअरिंगवर ऑइल जळून कोळसा झालेलं. हे वेगानं होत नाही, वेगानंतर एकदम बंद करण्यानं होतं. तीन तास पळवलेला टर्बो लाल तापलेला असतो. इंजिन चालू असेपर्यंत ऑइल फिरतं आणि त्याला थंड करतं. चावी बंद केली की ऑइल जागच्या जागी थांबतं आणि जळतं. एकदा झालं तर काही नाही. वीसएक वेळा झालं की असं होतं. वळणावरून बिनआवाजी गाडी सोडणारा तू, आणि मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस. मी पण दुसऱ्या माणसाची गोष्ट सांगत नाही.

आता माझं ऐक, हे लिहायला मला चार दिवस लागले. मी तुला तापवणं शिकवलं, ऑइल बदलणं शिकवलं, हवा बघणं शिकवलं. थंड करून मग बंद करणं शिकवलं नाही. का, ते सांगतो. मी लांबून आलो की गाडीतून उतरत नसे. इंजिन चालू ठेवून आत बसायचो नि एक विडी ओढायचो. विडी संपली की चावी बंद. तुझ्या मामीला सांगायचो की टर्बोसाठी बसतो, ती म्हणायची टर्बोच्या नावावर विडी ओढतो. दोघांचंही खरं होतं. तू शेजारच्या सीटवर बसून शंभर वेळा ते बघितलंस आणि तुला वाटलं असणार की मामाचं व्यसन. नियम मी विडीत ठेवला होता. गाडी तुला दिली तेव्हा विडी माझ्याकडेच राहिली.

म्हणजे हरलास तू, पण चूक निम्मी माझी. तेव्हा पैजही निम्मी पाळतो. दुसऱ्या गाडीचा दुरुस्त केलेला टर्बो बसवला आहे. गाडी एका रविवारासाठी तुझी. पोपट गाडी घेऊन येतो आहे. मी गागोद्याला येणार नाही. पण गाडीचा आवाज माझा आहे. तो ऐकून हैबतराव बाहेर येईल, एवढं माझ्याकडून. पुढचं तुझं तू.

कॉलेजचा फॉर्म विसरू नकोस. लोभ आहे, आणि आता थोडी लाजही आहे.

तुझा,
दिनामामा

ता. क. मी नूतनमामी. चौदा वर्षं मी ज्यावरून भांडले ते खरंच टर्बोसाठी होतं म्हणे. निम्मं माफ केलं. विडी परत मिळणार नाही.


रामवाडी, पेण
सोमवार, ३० मार्च २०२६

ती. स्व. दिनामामांस,

शि. सा. न. वि. वि. या खेपेला विनंती गाळलेली नाही, ती शेवटी आहे.

काल सकाळी दहाला गागोद्यात शिरलो. मुद्दाम खिडक्या उघड्या ठेवल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये आलो, ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं म्हणून. खरोखरच एक कुत्रं शेपूट हलवत मागे आलं. हैबतरावांच्या अंगणभर वालाच्या शेंगा पसरलेल्या, ते काठीनं झोडपत होते. आवाज ऐकून वर न बघताच त्यांनी घरात हाक मारली की चहा टाका गो, दिनू आला. मग वर बघितलं.

मी गाडी बांधावर उभी केली आणि उतरलो नाही. इंजिन चालू. ते काठी घेऊन खिडकीशी आले. दिनू कुठे म्हणाले. मी सांगितलं की मामा आले नाहीत, मी आलोय. मग ही कटकट बंद कर म्हणाले. मी म्हटलं दोन मिनिटं थांबा, टर्बो गरम आहे. त्यांनी विचारलं की पेण-गागोदे रस्त्यावर कुठला टर्बो तापला रे तुझा, बैल तुझ्यापुढे गेले असतील. मामा, खरं होतं त्यांचं. चाळीसनं आलो होतो, गरज नव्हती. मी म्हटलं, गरज नाही, पण लपून बंद करून एक टर्बो मी मारलाय, तुमच्या दारात असं करणार नाही.

शेजारचे दोघंतिघं कुंपणाशी आले. हैबतराव कमरेवर हात ठेवून उभे. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो. गाडी मात्र टकटक टकटक, सगळ्या गावाला सांगत होती. मृणाली पाखडायचं सूप घेऊन दारात आली, आणि नाडी मोजताना बघते तशी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिली. मग वडिलांना म्हणाली की बाबा, झाली दोन. मी चावी बंद केली.

त्या शांततेत मी सगळं सांगितलं. वीस-एकवीस वेळा सावंगीला गेलो ते. वळणावर इंजिन बंद करायचो ते. पैज हरलो ते, जुलैत कॉलेजात जाणार ते. इंदुबाईंना विचारू नका, त्यांना काही माहीत नाही, हेही. मृणाली मधेच म्हणाली की वळणावर बंद करायला मी सांगितलं होतं. हैबतरावांनी तिच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा की कॉम्प्रेशन मोजलं का दिनूनं. मी तुमचं पत्र काढून दिलं. तेवढाच परिच्छेद त्यांनी ओठ हलवत दोनदा वाचला. मग खालचा विडीचाही वाचला, आणि एवढंच म्हणाले की मला तर वाटायचं दिनू माझ्या दारात विडी ओढून मगच आत येतो, आत ओढायला लाजतो म्हणून.

मुलीबद्दल अक्षर बोलले नाहीत. पनवेलबद्दलही नाही. चहा दिनूच्या नावानं टाकलाय, फुकट जाईल, म्हणाले. मी पायरीवर बसून प्यायलो. त्यांनी शेंगा झोडपल्या, मृणालीनं पाखडल्या. निघताना मी गाडी सुरू केली तेव्हा ते बांधापर्यंत आले आणि म्हणाले की इथे उतारावर लावू नकोस, पुढच्या वेळी अंगणात घे, तोवर वाल उचललेले असतील.

पुढच्या वेळी, मामा. त्यांचा शब्द आहे, मी मसाला घातलेला नाही.

वेग मी अजूनही चुकीचा मानत नाही. एकशेवीसनं जायचं आणि उजळ माथ्यानं थांबायचं, एवढं मी शिकलो. तेही तुमच्याकडून नाही, तुमच्या विडीकडून.

गाडी आणि किल्ली पोपटकडे दिली आहे. पासिंगला तुम्ही न्या, गाडी तुमची आहे. विनंती एकच. बंद करण्याआधी आत दोन मिनिटं नुसतेच बसा. मामीनं विचारलं तर सांगा की ऋत्विकनं सांगितलंय.

लोभ असाच चालू ठेवावा, एकदम बंद करू नये.

आपला,
ऋत्विक